गाढवाचं शेवटचं कडवं

शनिवारी दुपारी दाराची बेल वाजली तेव्हा मी पेटीचा भाता मिटला आणि भांडायच्या तयारीनंच उठले. सिंगापुरात सेंगकांगमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये आवाजाच्या तक्रारी कशा येतात ते मला चांगलं ठाऊक होतं. कुणाचं बाळ झोपलेलं असतं, कुणाच्या मुलाची परीक्षा असते. आठवडाभर रॅफल्स प्लेसच्या बँकेत मान मोडून काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या घरात पेटी वाजवायचीसुद्धा चोरी! दार उघडता उघडताच मी म्हटलं, "मी फक्त दिवसाच वाजवते."

दारात एक म्हाताऱ्या चिनी बाई उभ्या होत्या. पांढरे बारीक कापलेले केस, पायात घरातल्या सपाता, आणि चांगलीच धाप लागलेली. आवाज कुठून येतोय ते शोधत प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत त्या जिन्यानं वर आल्या होत्या. दाराच्या चौकटीला धरून त्यांनी आधी दम खाल्ला. मग माझ्या खांद्यावरून आत बघत इंग्रजीत विचारलं, "तो डावा हात कुणाचा?"

"म्हणजे?"

"भाता मारणारा हात. कुणाचा आहे?"

मी वेड्यासारखा माझा हात पुढे केला. त्यांनी तो मनगटाला धरून उलटा केला, सुलटा केला, बाजारात दुधी बघावा तसा बघितला, आणि म्हणाल्या, "उद्या खाली ये. माझं घर तुझ्या खाली तीन मजले. या हाताला काम आहे." तक्रार नाही, ओळख नाही, काही नाही. आल्या तशा गेल्या. आमचे हे मरीन इंजिनियर, तेव्हा बोटीवरून येऊन महिनाभर घरीच होते. सोफ्यावरून म्हणाले, "बँकेत वीस वर्षं डोकं चालवलंस, आणि मागणी आली ती हाताला."

दुसऱ्या दिवशी मी गेले ते निव्वळ कुतूहलानं. त्यांच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. भिंतीवर, कपाटावर, खुर्च्यांवर नुसती वाद्यं. लाकडी बासऱ्या, पोट फुगलेल्या सारंग्या, कातडी डफ, आणि चाक फिरवून वाजवायचं एक तंतुवाद्य, जे मी जन्मात पाहिलं नव्हतं. हवेतला दमटपणा शोषायचं यंत्र कोपऱ्यात घरघरत होतं, कारण इथल्या हवेत लाकूड फुगतं आणि सूर उतरतात. बाईंनी आयुष्यभर इथल्या शाळेत मुलांना बासरी शिकवली होती. त्यांचे जुने विद्यार्थी त्यांना अजून 'चेर' म्हणतात. टीचरचं इथल्या पोरांनी तेवढंच शिल्लक ठेवलंय. मीही तोंडानं चेर म्हणायला लागले, पण मनात मात्र पहिल्या दिवसापासून बाईच. शिकवणाऱ्या बाईंना दुसरं काय म्हणणार?

त्यांनी माझ्या मांडीवर एक वस्तू ठेवली. लहान मुलाएवढी. समोर शिशाच्या नळ्यांच्या दोन रांगा, खाली बटणांसारख्या पट्ट्या, आणि मागे एक चामडी भाता. युरोपात सातशे वर्षांपूर्वी वाजवायचे तसा मांडीवरचा ऑर्गन, त्यांनी एका कारागिराकडून मुद्दाम बनवून घेतलेला. उजव्या हातानं पट्ट्या, डाव्या हातानं भाता. म्हणजे आमची पेटीच की! मी जोरात भाता हाणला आणि कुठलीतरी एक पट्टी दाबली.

अगं बाई गं! तो आवाज मी कसा सांगू? पेटीचा आवाज कितीही गोड असला तरी तो पेटीतून येतो हे कळतं. हा आवाज कुणाच्यातरी छातीतून आला होता. भाता खाली जाईपर्यंत तो गायला, आणि भाता मी परत वर उचलला तेव्हा गप्प झाला. पेटीच्या पोटात हवेचा साठा असतो, म्हणून आपण भाता कसाही मारला तरी सूर तुटत नाही. या बाळाच्या पोटात साठाच नव्हता. जेवढी हवा घेतली तेवढंच गाणं, मग पुन्हा श्वास. मी बाईंकडे बघितलं तर त्या गालातल्या गालात हसत होत्या.

"जिवंत आहे हो हे," मी म्हटलं.

"म्हणून तर तुला बोलावलं," त्या म्हणाल्या. "माझा हात आता थकतो."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्या हाताखाली पाचसहा जणांचा एक गट होता, हौशी पण कडक. चाकाचं वाद्य वाजवणारा एक दातांचा डॉक्टर, एक डफवाली, तीन तरुण गळे. ते सगळे मिळून मध्ययुगातलं एक फ्रेंच प्रहसन बसवत होते. गोष्ट अशी, की एका राजाला गाढवाचं ओरडणं आवडतं. झालं! दरबारात गाढवासारखं ओरडण्याचे वर्ग सुरू होतात. न्यायाधीश ओरडतो, धर्मगुरू ओरडतो, सावकार तर दोन शिकवण्या लावतो. जो जास्त चांगलं ओरडेल त्याला मोठी जागा. आणि गाढव बिचारं मध्ये उभं राहून सगळ्यांकडे बघतंय.

मी हसून हसून बेजार झाले. बँकेत आमच्या मजल्यावर मोठ्या साहेबांनी दाढी ठेवली तेव्हा महिन्याभरात अर्ध्या मजल्याला दाढ्या फुटल्या होत्या. ज्यांना फुटत नव्हत्या तेही गालावर हात फिरवत मीटिंगला बसायचे. सातशे वर्षांपूर्वी कुठल्यातरी फ्रेंच माणसानं आमच्या मजल्यावर नजर ठेवून हे लिहिलं होतं, दुसरं काय! लहानपणी गावात भारूड बघताना पुढे बसलेल्या पाटलाच्या तोंडाकडे सगळे चोरून बघायचे, ते मला आठवलं. माणसं सगळीकडे तीच, आणि त्यांना सगळ्यांसमोर हसायची युक्तीही तीच. मला त्या जुन्या, मागे नावही न ठेवता मेलेल्या लेखकाचे पाय धरावेसे वाटले.

गाढव बाई स्वतः करणार होत्या. शेवटी गाढवाचं एक लांब गाणं होतं. कडव्यामागून कडवं गाढव दरबाराची मापं काढतं, लोक हसतात, आणि अगदी शेवटच्या कडव्यात ते एवढंच म्हणतं, 'मी गाढव आहे हे मला माहीत होतं. तुम्ही कोण होतात?' ते कडवं आलं नाही तर सगळं प्रहसन नुसता गाढवाचा पोरखेळ होऊन बसतं. ते आलं की मगच त्याचा डंख लागतो.

एक दिवस चाकाचं वाद्य वाजवणाऱ्या दातांच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं की बाईंची फुप्फुसं आतून सुकत चालली आहेत. गायला मनाई आहे. मी तशीच तणतणत बाईंकडे गेले. "चेर, हे खरं आहे का?"

"डॉक्टरांनी मला गायची मनाई केलीय," त्या म्हणाल्या. "गाणार गाढव आहे."

"चेष्टा पुरे."

तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं. तरुणपणी त्या फ्रान्समध्ये हेच संगीत शिकायला गेल्या होत्या. तिथे हेच प्रहसन बसवलं होतं. हे गाणं त्यांनी सगळ्यांच्या आधी पाठ केलं होतं, पण शिक्षकांनी सांगितलं, तुझ्या तोंडाला ही भाषा शोभत नाही, तू डफ वाजव. गाणं दुसरीनं म्हटलं. मग त्या इथे परतल्या, लग्न केलं नाही, चाळीस वर्षं पोरांना बासरी शिकवली, आणि ते गाणं स्वयंपाकघरात भांडी घासताना म्हणत राहिल्या. लोकांसमोर एकदाही नाही. "एकदा शेवटपर्यंत म्हणायचंय," त्या म्हणाल्या. "पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मग फुप्फुसांनी खुशाल सुट्टी घ्यावी."

मला राग आला होता. त्या फ्रान्समधल्या शिक्षकाचा, फुप्फुसांचा, त्यांच्या हट्टाचा, सगळ्यांचाच.

तालमी सुरू झाल्या आणि आमची रोज जुंपायला लागली. भात्याचं जमलं. मनगटानं श्वास घ्यायला मी महिन्याभरात शिकले. अडलं ते दुसरीकडेच. त्या काळच्या गाण्यात दोन ओळी एकाच वेळी चालतात. गाणारा एक चाल गातो आणि ऑर्गन दुसरीच वाजवतो, आणि दोन्ही मिळून असं काहीतरी होतं की ऐकणाऱ्याचं डोकं चक्रावतं. दोन माणसं एकाच वेळी वेगवेगळं बोलतायत आणि तरी भांडण होत नाहीये! एका सुराच्या मागे एकाच वाटेनं जाणारं आपलं गाणं ऐकत मी वाढलेली. पहिल्यांदा ते दोन सूर बरोबर लागले तेव्हा मी वाजवायची थांबून नुसती ऐकतच राहिले, आणि बोलणी खाल्ली.

पण दहाव्या ओळीपर्यंत माझी बोटं हमखास बाईंच्या चालीवर जायची. काय करणार? मी लहानपणापासून पेटीची साथ केलेली. साथ म्हणजे गाणाऱ्याच्या मागे मागे जायचं. त्यानं तान घेतली की तिच्या सावलीत चालायचं, त्यानं श्वास घेतला की त्याची शेवटची जागा धरून ठेवायची, तो परत येईपर्यंत त्याचं आसन मोडू द्यायचं नाही. हे कुणी शिकवलेलं नव्हतं, हातातच मुरलेलं होतं. बाई गाणं थांबवून टेबलावर थाप मारायच्या.

"पुन्हा माझ्या मागे आलीस!"

"आमच्यात असंच करतात."

"मला शेपूट नकोय. मला जमीन हवीय. जमीन पावलांच्या मागे पळते का?"

एकदा तर मी चिडून निघूनच आले. घरी येऊन भांडी आदळली. लेक इथल्या पोरांच्या ढंगात खोलीतून ओरडली, "मम्मा, चिल लाह!" हे शांतपणे चहा पीत म्हणाले, "गाढवानं लाथ मारली वाटतं?" मी म्हटलं, "तुम्ही गप्प बसा, तुम्हाला इंजिनाशिवाय काय कळतं?" आणि दुसऱ्या दिवशी नाक मुठीत धरून पुन्हा तीन मजले खाली.

प्रयोगाच्या आदल्या दिवशीच्या तालमीला बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "उद्या माझा दम तुटला तर तू थांबायचं नाहीस. तुझी ओळ वाजवत राहायचं. मी आले तर आले. नाही आले तर तुम्ही वाजवणाऱ्यांनी मिळून गाणं संपवायचं आणि वाकून नमस्कार करायचा. दया करायची नाही. वचन दे."

मी वचन दिलं. अगदी मनापासून दिलं.

एका जुन्या चर्चच्या हॉलमध्ये प्रयोग होता. दीडएकशे खुर्च्या, भिंतीवरचे पंखे, संध्याकाळचं ऊन खिडक्यांतून आडवं आलेलं. बँकेतल्या चौघांना मी तिकिटं दिली होती. बघते तर खुद्द मोठे साहेब पहिल्या रांगेत, दाढीसकट! माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण प्रहसन सुरू झालं आणि मी सगळं विसरले. त्या तरुण गळ्यांनी काय रंग भरला! मध्येच ते प्रेक्षकांत उतरले आणि एकेकाला ओरडायला शिकवायला लागले. आमच्या साहेबांनी आधी आढेवेढे घेतले, मग डोळे मिटून असं काही गाढव काढलं की हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. बँकेतले ते चौघं लगेच त्यांच्या पाठोपाठ ओरडले. कुणी सांगितलंही नव्हतं! मी नळ्यांमागे तोंड लपवून हसत होते.

मग बाई पुढे आल्या. काळा साधा झगा आणि डोक्यावर कागदाचे दोन लांब कान, बस्स. चाकाच्या वाद्यानं आधार धरला, डफ हळू वाजायला लागला, मी माझी ओळ सुरू केली, आणि बाई गायला लागल्या.

मी त्यांना तालमीत कितीदा ऐकलं होतं, पण असं नाही. आवाज मोठा नव्हता, जाडाभरडाच होता, पण प्रत्येक शब्द असा लखलखीत, की फ्रेंच न येणारेही हसत होते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. शिस्तीत मी माझ्या वाटेनं आणि त्या त्यांच्या. तिसऱ्याच्या मधोमध, एका उंच जागेवर, त्यांचा आवाज तुटला.

तोंड उघडं होतं, पण आत हवा जात नव्हती. गळ्याच्या शिरा ताणलेल्या मला दिसल्या. कागदाचे कान थरथरत होते. मला वचन आठवत होतं, शपथेवर सांगते, शब्द न् शब्द आठवत होतं. पण माझ्या बोटांनी ते ऐकलं नाही. ज्या जागेवर त्यांचा सूर तुटला ती जागा बोटांनी उचलली आणि धरली. मग त्यांची शेवटची अर्धी ओळ वाजवली. पुन्हा एकदा वाजवली, जरा हळू. पेटीवर गाणाऱ्यासाठी जन्मभर करत आले तेच. डॉक्टरनं डोळे वटारून माझ्याकडे बघितलं. डफवालीनं मात्र ओळखलं आणि ताल सैल सोडला. लोकांना वाटलं गाढव दरबाराकडे बघत मुद्दाम थांबलंय. ते आणखीनच हसले.

बाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता या सगळ्यांसमोर मला खाणार. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, माझ्या डाव्या हाताकडे बघत होत्या. भाता वर जात होता, खाली येत होता. मी तो आणखी सावकाश केला. वर... खाली. वर... खाली. आणि मला दिसलं की त्यांची छाती त्याबरोबर हलायला लागलीय. भाता वर गेला की त्या हवा घेत होत्या, खाली आला की सोडत होत्या. तिसऱ्यांदा भाता वर आला आणि तो खाली येताना त्या गायल्या.

त्यानंतर आम्ही ते गाणं तसंच नेलं. अर्धी ओळ त्यांची, अर्धी नळ्यांची. जिथे त्या थांबत तिथून मी उचलत होते, जिथे मी भाता वर घेत होते तिथे सगळा हॉल थांबत होता. माझा हात भरून आला होता, पाठीतून घाम वाहत होता, आणि मला अजिबात भीती वाटत नव्हती. एका माणसाचा श्वास माझ्या डाव्या हातात होता. एवढं मोठं काहीतरी माझ्या हातून आयुष्यात कधी घडलं नव्हतं, आणि ते मी करतेय असंही वाटत नव्हतं.

शेवटचं कडवं आलं. मी भाता वर घेतला आणि बाईंनी तळहात माझ्याकडे केला. थांब.

मी थांबले. चाक थांबलं, डफ थांबला. पंख्यांचा तेवढा आवाज राहिला. बाई दोन पावलं पुढे गेल्या, पहिल्या रांगेच्या अगदी जवळ, आणि कुणाचाही आधार न घेता ते कडवं म्हणाल्या. गायल्या म्हणवत नाही, आवाज कुजबुजीपेक्षा जास्त नव्हताच. एकेक शब्द, मध्ये थांबून, मग पुढचा शब्द. शेवटचा प्रश्न त्यांनी इंग्रजीतही विचारला. मी गाढव आहे हे मला माहीत होतं. तुम्ही कोण होतात?

कुणीही हसलं नाही. आमच्या साहेबांचा हात दाढीवर गेला होता तो तिथेच राहिला. मग कुठेतरी मागे एक टाळी वाजली, आणि मग सगळा हॉल उठून उभा राहिला.

टाळ्या चालूच होत्या तेव्हा डॉक्टर आणि मी बाईंना दोन्ही बाजूंनी धरून मागच्या खोलीत आणलं आणि खुर्चीत बसवलं. त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. डॉक्टरनं नळकांड्यातल्या प्राणवायूचा मास्क त्यांच्या नाकावर लावला. मी खाली त्यांच्या पायाशी बसले. वचन मोडलं होतं, आता काय ते ऐकून घ्यायची तयारी होती. जरा वेळानं त्यांनी मास्क बाजूला केला. मी म्हटलं, "चेर, बोलू नका." त्यांनी ऐकलं नाही. माझं मनगट पकडून खाली वाकल्या.

"माझ्या कानात नुसता रक्ताचा आवाज होता," त्या म्हणाल्या. "मला काहीच ऐकू आलं नाही. शेवटचं कडवं... मी म्हटलं का?"